जुन्या इंजिनाची 'गॅलप': कॅलिफोर्निया ते थायलंड

'यूएसएस गॅलप' ही अमेरिकेच्या टॅकोमा वर्गातली गस्ती फ्रिगेट, म्हणजे काफिल्यांची राखण करणारी युद्धनौका. कॅलिफोर्नियात बांधलेली ही नौका फेब्रुवारी 1944 मध्ये सेवेत आली आणि थेट जून 2000 मध्ये थायलंडच्या नौदलातून निवृत्त झाली. मधली चार वर्षं ती सोव्हिएत संघाकडे होती. छप्पन्न वर्षांच्या या वाटचालीत तिच्या इंजिनाचा वाटा मोठा आहे, आणि ते इंजिन बांधणीच्या वेळीच जुन्या धाटणीचं होतं.

त्याचं कारण गिअर. वाफेची टर्बाइन हजारो फेऱ्यांनी फिरते, नौकेला पुढे ढकलणारा पाण्यातला पंखा मात्र सावकाश फिरवावा लागतो. वेग कमी करणारी दंतचक्रं अत्यंत अचूक कापावी लागतात आणि ते करणारे कारखाने आधीच विनाशिकांच्या कामात अडकले होते. म्हणून व्यापारी जहाजं बांधणाऱ्या गोद्यांना जमेल असा, ब्रिटिश 'रिव्हर' वर्गावर बेतलेला आराखडा निवडला गेला. त्यात पिस्टनची दोन 'ट्रिपल एक्स्पान्शन' इंजिनं होती. बॉयलरमधली वाफ आधी लहान सिलिंडरात जाते, मग मधल्या, मग मोठ्या. दाब उतरतो तसं वाफेचं आकारमान वाढतं, म्हणून पुढचा सिलिंडर आधीच्यापेक्षा रुंद. दोन्ही मिळून 5,500 अश्वशक्ती आणि सुमारे 20 नॉट (ताशी सुमारे 37 किलोमीटर) वेग. काफिल्याच्या राखणीला एवढं पुरे.

हे इंजिन सांभाळायला मात्र शिस्त लागते. थंड सिलिंडरात वाफ सोडली की तिचं पाणी होतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टन वर आला की सिलिंडरचं झाकणच फुटू शकतं. म्हणून निघण्यापूर्वी निचऱ्याचे कॉक उघडे ठेवून इंजिन हळूहळू तापवायचं, थोडं पुढे-मागे फिरवायचं आणि कोरडी वाफ येऊ लागली की मगच कॉक बंद करायचे. दुसरा धोका तेलाचा. पिस्टनला लावलेलं तेल वाफेबरोबर कंडेन्सरमध्ये (वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या यंत्रात) आणि तिथून बॉयलरच्या पाण्यात उतरतं. नळ्यांवर त्याचा पातळ थर बसला तरी उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही. धातू लालबुंद होऊन फुगतो, प्रसंगी नळी फुटते. त्यामुळे पाणी गाळणाऱ्या फिल्टरकडे दुर्लक्ष करून चालतच नाही.

पाणबुडीविरुद्ध तिचं खास अस्त्र म्हणजे पुढच्या भागातलं 'हेजहॉग'. डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बाँब, नौकेच्या मागे टाकले जात. पाणबुडी अगदी जवळ आली की ती सोनारच्या (ध्वनिलहरींनी पाण्याखालचा शोध घेणाऱ्या यंत्राच्या) शलाकेतून निसटे आणि शेवटचे क्षण आंधळे जात. हेजहॉग 24 गोळे दोनशेहून अधिक मीटर पुढे फेकी. प्रत्यक्ष धडकेशिवाय ते फुटत नसत, त्यामुळे नेम चुकला तरी पाणी घुसळलं जाऊन सोनार बधिर होत नसे.

'गॅलप'वर सुरुवातीला अमेरिकी तटरक्षक दलाचे खलाशी होते. ऑक्टोबर 1944 मध्ये ती फिलिपिन्समधल्या लेटे बेटाच्या मोहिमेत होती. ऑगस्ट 1945 मध्ये अलास्कातल्या कोल्ड बे इथे ती सोव्हिएत संघाला देण्यात आली. या वर्गाच्या 28 नौका तशा दिल्या गेल्या. एक कामचात्काजवळ वादळात किनाऱ्याला लागून निकामी झाली, 27 परतल्या. 'गॅलप' 1949 मध्ये जपानच्या योकोसुका बंदरात आली. कोरियन युद्ध पेटल्यावर 1950 मध्ये तिला पुन्हा सज्ज केलं.

थायलंडला ती मिळाली एका अपघातामुळे. जानेवारी 1951 मध्ये कोरियाच्या पूर्व किनाऱ्यावर हिमवादळात थाई कॉर्व्हेट (फ्रिगेटहून लहान युद्धनौका) 'प्रासे' रुतली. ती निघेना, म्हणून अखेर तोफांनी नष्ट करावी लागली. ही कॉर्व्हेट 1945-46 मध्ये रॉयल इंडियन नेव्हीत 'सिंध' या नावानं होती. ऑक्टोबर 1951 मध्ये 'गॅलप'नं तिची जागा घेतली आणि नावही घेतलं. तिच्याबरोबर आलेली 'ग्लेनडेल' ही 'ताचिन' झाली. नवी 'प्रासे' आज रायाँग प्रांतात प्रासे नदीच्या मुखाशी स्मारक म्हणून उभी आहे.