सूज उतरते, की उतरवली जाते?

गळू फुटलं की आलेला पू आपण कापसाने टिपतो, हात धुतो आणि विसरून जातो. त्या पिवळट-हिरवट चिकट द्रवात बहुतेक ऐवज आपल्याच शरीराचा असतो. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जंतूंवर धावून जातात आणि काम उरकून तिथेच मरतात. पू म्हणजे मुख्यतः त्यांचाच खच. हिरवट झाकही त्यांचीच, कारण जंतू मारायला त्या मायलोपेरॉक्सिडेज नावाचं विकर वापरतात आणि त्या विकराचा रंगच हिरवा आहे.

गळवातल्या पेशींना निदान बाहेर पडायला वाट मिळते. न्यूमोनियात फुप्फुसांच्या वायुकोशांमध्ये अशाच पेशी कोट्यवधींनी मरून पडतात. थोड्या बेडक्यावाटे जातात. बाकीच्यांचं काय होतं? पेशंट बरा होतो, काही आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढला तर पांढरे डाग नाहीसे झालेले असतात. फुप्फुस आतून कुणी धुऊन तर काढलेलं नसतं.

जंतू संपले की सूज आपोआप विरते, अशी समजूत वैद्यकातही बराच काळ होती. ती चूक ठरली. सूज उतरवणं हे शरीराला मुद्दाम करावं लागणारं काम आहे आणि त्याची सुरुवात होते मेलेल्या पेशी खाण्यापासून. हे काम मुख्यतः मॅक्रोफेज या पेशी करतात. त्या नुसती साफसफाई करून थांबल्या असत्या, तर त्यांच्यावर स्वतंत्र लेख लिहायचं कारण नव्हतं. खाता खाता त्या स्वतःच बदलतात आणि दुरुस्तीचं काम सुरू करून देतात.

आधी या कामाचा पसारा बघू. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2021 साली मांडलेल्या हिशेबानुसार प्रौढ माणसाच्या शरीरात रोज सुमारे 330 अब्ज पेशी जुन्या जाऊन नव्या येतात. त्यांतल्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी बहुतांशी शौचावाटे निघून जातात, पण रक्तातल्या पेशी आतच खाल्ल्या जातात. तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. दर सेकंदाला अशा वीस लाखांहून अधिक म्हाताऱ्या पेशी प्लीहा आणि यकृतातले मॅक्रोफेज गिळतात आणि त्यांच्यातलं लोह काढून परत रक्तात सोडतात. रोजचं हे लोह 20 ते 25 मिलिग्रॅम भरतं. जेवणातून आपल्या अंगी लागतं ते जेमतेम 1 ते 2 मिलिग्रॅम. म्हणजे आपल्या रक्ताचा खरा लोहपुरवठादार पालकाची भाजी नसून प्लीहा आहे.

हे सगळं इतक्या गुपचूप चालतं की सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी ऊती बघितली तर मेलेली पेशी सापडायला कष्ट पडतात. छातीतल्या थायमस ग्रंथीत तयार होणाऱ्या टी-पेशी या प्रतिकारशक्तीच्या पेशींपैकी बहुसंख्य परीक्षेत नापास होऊन तिथेच मरतात, तरीही तिथे मृत पेशींचा ढीग दिसत नाही. पेशी पुरती मरण्याआधीच खाल्ली गेलेली असते.

पेशी मरते कशी, यावर पुढचं बरंच ठरतं. भाजलं, चेंगरलं, रक्तपुरवठा तुटला, तर पेशी फुगून फुटते. आतली विकरं, डीएनए, प्रथिनं आजूबाजूला सांडतात आणि तो ऐवज बाहेर दिसणं हाच शरीराला धोक्याचा इशारा असतो. दुसरं मरण ठरवून आलेलं असतं. स्कॉटलंडमधल्या ॲबरडीन विद्यापीठात काम करणाऱ्या केर, वायली आणि करी यांनी 1972 साली त्याचं सविस्तर वर्णन करून त्याला ॲपोप्टोसिस असं नाव दिलं. यात पेशी आक्रसते, आपला डीएनए आपणच कापते आणि तिचे छोटे छोटे बंद तुकडे होतात. पण आवरण शाबूत राहतं, काही सांडत नाही. मात्र ही सोय काही तासांपुरतीच असते. तेवढ्यात कुणी खाल्लं नाही, तर हे आवरणही फुटतं आणि मग ठरवून आलेलं मरणही अपघाती मरणाइतकंच उपद्रवी ठरतं. त्यामुळे सगळी मदार वेळेवर येण्यावर.

मॅक्रोफेजला पत्ता लागतो तो गळतीमुळे. मरू घातलेल्या पेशीच्या आवरणातली काही द्वारं उघडतात आणि त्यांतून एटीपीचे थोडे रेणू बाहेर झिरपतात. एटीपी म्हणजे पेशीचं इंधन, एरवी ते घराबाहेर पडत नाही. बाहेर त्याचा मागमूस लागला की मॅक्रोफेज त्या दिशेने सरकू लागतो.

जवळ आल्यावर खायचं कुणाला, हे ओळखण्याची व्यवस्था मला या सगळ्यात सर्वांत देखणी वाटते. पेशीचं आवरण स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचं असतं. त्यातला फॉस्फॅटिडिलसेरीन हा रेणू जिवंत पेशीत फक्त आतल्या थरात असतो. चुकून बाहेर गेलाच तर फ्लिपेज नावाची प्रथिनं त्याला लगेच आत ओढून घेतात. म्हणजे जिवंत राहण्याच्या रोजच्या खटाटोपात हे अखंड आत ओढणंही आलं. पेशी मरायला लागली की कॅस्पेज ही कात्री चालवणारी विकरं जागी होतात. ती फ्लिपेज कापून निकामी करतात आणि त्याच वेळी स्क्रॅम्ब्लेज या दुसऱ्या प्रथिनाचा तुकडा कापून त्याला चालू करतात. हे प्रथिन दोन्ही थरांतले रेणू खालीवर करून टाकतं. खिसा उलटा केल्यावर अस्तर दिसावं, तसं आतलं बाहेर येतं. जपानमधल्या शिगेकाझू नागाता यांच्या गटाने 2013 आणि 2014 मध्ये ही दोन्ही प्रथिनं शोधून काढली. एकच कात्री एका प्रथिनाला बंद करते आणि दुसऱ्याला चालू. पेशीने मरायचं ठरवलं, की ‘मला खा’ ही खूण त्याच झटक्यात अंगावर उमटते.

निरोगी पेशींवर याच्या उलट खूण असते. सीडी47 हे प्रथिन मॅक्रोफेजला ‘हात लावू नको’ असं बजावतं. हे प्रथिन नसलेल्या तांबड्या पेशी निरोगी उंदराच्या रक्तात सोडल्या, तेव्हा प्लीहेतल्या मॅक्रोफेजांनी बघता बघता त्यांचा फडशा पाडला. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

मॅक्रोफेज मेलेल्या पेशीभोवती आपलं आवरण पसरतो, तिला चहूबाजूंनी वेढतो आणि आत घेतो. घास लहान नसतो. जवळजवळ स्वतःएवढा ऐवज एका वेळी पोटात येतो आणि एकावर थांबून भागत नाही, कारण मोठ्या जखमेत खाणारे कमी आणि मेलेले जास्त असतात. न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया विद्यापीठाच्या आयरा टाबस यांच्या गटाने 2020 मध्ये याचं गणित उलगडलं. पचवलेल्या पेशीतून अर्जिनिन हे अमिनो आम्ल सुटं होतं, मॅक्रोफेज त्यापासून प्युट्रेसिन नावाचा रेणू बनवतो आणि प्युट्रेसिनमुळे पुढची पेशी गिळण्याची ताकद येते. पहिला घासच दुसऱ्याची भूक लावतो.

आणि इथेच ते वळण येतं. हाच मॅक्रोफेज जंतू खातो तेव्हा टीएनएफसारखे रेणू सोडून गोंगाट करतो, आणखी पेशी बोलावतो. आपली मेलेली पेशी खाल्ली की टीएनएफ कमी करतो आणि टीजीएफ-बीटासारखे शांत करणारे रेणू सोडतो. अमेरिकेत डेन्व्हरमधल्या शास्त्रज्ञांनी 1998 मध्ये हे दाखवलं. पुढे लक्षात आलं की दुरुस्तीची सामग्रीही तोच पुरवतो. नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात आणि तंतू विणणाऱ्या पेशी कामाला लागाव्यात, यासाठीचे संदेश त्याच्याकडून जातात.

त्याच्यावाचून काय अडतं, हे जुन्या प्रयोगांत स्वच्छ दिसतं. रसेल रॉस यांनी सत्तरच्या दशकात सहकाऱ्यांसह गिनीपिगवर दोन प्रयोग केले. 1972 मध्ये त्यांनी न्यूट्रोफिल काढून टाकले, तरी स्वच्छ जखम नेहमीसारखी भरली. 1975 मध्ये मॅक्रोफेज हटवले, तेव्हा जखमेतला मेलेला कचरा तसाच पडून राहिला आणि नवी ऊती तयार व्हायला उशीर झाला. तुटलेला पाय पुन्हा उगवणाऱ्या ॲक्सोलॉटल या सॅलमँडरवरचा 2013 मधला प्रयोग तर आणखी बोलका आहे. मॅक्रोफेज काढून टाकल्यावर पाय उगवलाच नाही, नुसता व्रण राहिला. मॅक्रोफेज परत आल्यावर त्याच जागी पुन्हा छेद घेतला, तेव्हा पाय व्यवस्थित उगवला.

कधीकधी तर मॅक्रोफेज सूज येऊच देत नाहीत. 2019 मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने जिवंत उंदराच्या स्नायूजवळ लेझरने एखादीच पेशी मारली आणि सूक्ष्मदर्शकातून पाहत राहिले. शेजारच्या मॅक्रोफेजांनी काही मिनिटांतच आपले हात लांबवून ती जागा सगळीकडून झाकून टाकली. न्यूट्रोफिलना चाहूलच लागली नाही. मॅक्रोफेज काढून टाकल्यावर मात्र तेवढ्याशा इजेवर न्यूट्रोफिलचे थवे तुटून पडले आणि आजूबाजूची धडधाकट ऊतीही खराब झाली. आपलीही कितीतरी बारीक दुखणी अशी परस्पर निकालात निघत असणार.

‘इम्युनिटी वाढवा’ असं सांगणाऱ्या गोळ्या-काढ्यांच्या जाहिराती बघताना म्हणूनच हसू येतं. अनेक आजारांत प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती थांबत नाही हीच तक्रार असते. ल्युपस या आजारात मेलेल्या पेशी वेळेवर उचलल्या जात नाहीत, त्यांचा डीएनए उघडा पडतो आणि शरीर त्याच्याच विरुद्ध प्रतिपिंडं तयार करू लागतं. सिगारेट ओढणाऱ्यांच्या आणि सीओपीडी या जुनाट श्वसनविकाराच्या पेशंटांच्या फुप्फुसांतले मॅक्रोफेज मेलेल्या पेशी नीट खात नाहीत, असंही आढळलं आहे. क्षयाचा जंतू तर याचा फायदाच उठवतो. ज्या मॅक्रोफेजमध्ये तो दडून बसतो त्याला तो नीट मरू देत नाही, फुटायला लावतो. म्हणजे आपल्यालाही त्याच्याबरोबर कुणी गिळायला नको.

भारतात या बिघाडाची घरोघरी दिसणारी खूण म्हणजे मधुमेही पायाची न भरणारी जखम. देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत, त्यामुळे अशी जखम कुणाच्या ना कुणाच्या ओळखीत असतेच. रक्तपुरवठा कमी, संवेदना बधिर, ही कारणं आहेतच. पण अशा जखमेतले मॅक्रोफेज पहिल्या, गोंगाटाच्या अवस्थेतच अडकून पडलेले असतात. मेलेल्या पेशी ते कमी खातात, त्यामुळे वळण येत नाही आणि जखम चिघळत राहते. ड्रेसिंगच्या वेळी सर्जन काळा पडलेला, मेलेला भाग पुन्हा पुन्हा कापून काढतात. घरच्यांना तो क्रूरपणा वाटतो. जे काम आतून व्हायला हवं होतं, ते ब्लेडने बाहेरून चाललेलं असतं.

हृदयविकारामागेही हेच आहे. धमनीच्या भिंतीत चरबी खाऊन फुगलेले मॅक्रोफेज मरतात, त्यांना खायला आलेले कमी पडतात आणि मेलेल्या पेशींचा गाभा साचत जातो. असा गाभा मोठा झाला की त्यावरचं पातळ आवरण फाटून रक्ताची गुठळी होते. या गाभ्यातल्या पेशी आपल्यावर सीडी47 बाळगून असतात, म्हणून त्या खाल्ल्या जात नाहीत. मग सीडी47 झाकणारं प्रतिपिंड दिलं तर? उंदरांत गाभा कमी झाला. कर्करोगाच्या पेशीही हीच खूण पांघरून लपतात, म्हणून रक्ताच्या कर्करोगात असं प्रतिपिंड माणसांवर वापरून पाहिलं गेलं. पण तांबड्या पेशीही त्याच खुणेवर जगतात, त्यामुळे पेशंटना पांडुरोग होऊ लागला. हवा तसा गुण न आल्याने त्या मोठ्या चाचण्या 2024 पर्यंत गुंडाळाव्या लागल्या.

आता दुसरीकडून प्रयत्न चालू आहे. खूण झाकण्याऐवजी, ती वाचल्यावर मॅक्रोफेजच्या आत जो थांबण्याचा आदेश सुटतो तोच अडवायचा, आणि औषध नॅनोकणांत भरून फक्त मॅक्रोफेजपर्यंत पोचवायचं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2020 मध्ये उंदरांवर आणि नंतर डुकरांवर हे करून पाहिलं. डुकरांच्या धमन्यांतली सूज कमी झाली आणि तांबड्या पेशी मात्र जागच्या जागी राहिल्या.