बालसंरक्षण आकडेवारी : नाशिक जिल्हा

छळ, दुर्लक्ष, त्याग, बालमजुरी, बालविवाह, बेपत्ता होणे इ. कारणांनी शासकीय यंत्रणेच्या नजरेस आलेली अठरा वर्षांखालील मुले आणि त्यांना पुढे मिळालेला निवारा, अर्थसाहाय्य व पुनर्वसन यांची नियतकालिक गणना म्हणजे बालसंरक्षण आकडेवारी. इंग्लंडमध्ये ही गणना स्थानिक प्रशासनाच्या सामाजिक सेवा विभागाकडे एखाद्या मुलाविषयी आलेल्या सूचनेपासून सुरू होते. महाराष्ट्रात मूल जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांविषयी आदेश देणाऱ्या वैधानिक मंडळापुढे, सादर होते, त्या दिवसापासून ती धरणे अधिक सयुक्तिक आहे; कारण दूरध्वनी, पोलीस ठाणे, अंगणवाडी व रेल्वे स्थानक या चारही वाटा कायद्याने तेथेच येऊन मिळतात.

नाशिक जिल्ह्यात पंधरा तालुके आणि नाशिक व मालेगाव या दोन महानगरपालिका असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६१,०७,१८७ होती. तीत अनुसूचित जमातींचा वाटा सुमारे एक चतुर्थांश होता. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर व इगतपुरी या डोंगराळ तालुक्यांतून निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांकडे होणारे हंगामी स्थलांतर, आणि नाशिक रोड व मनमाड ही वर्दळीची रेल्वे स्थानके, या दोन गोष्टी ध्यानात घेतल्याविना येथील आकड्यांचा अर्थ लागत नाही. मुलाचे गाव एका तालुक्यात, ते सापडते दुसऱ्या तालुक्यात आणि त्याची नोंद होते नाशिक शहरात, असे येथे वारंवार घडते.

या गणनेचा आरंभ कोठे मानावा याविषयी एकवाक्यता नाही. एका मतानुसार १८५० चा उमेदवारी (कारागिराकडे शिकाऊ म्हणून काम) अधिनियम आणि १८७६ व १८९७ चे सुधारशाळा अधिनियम यांखालील नोंदी हे तिचे मूळ होय. मात्र या कायद्यांचा रोख मुख्यतः गुन्हा केलेल्या मुलांवर होता आणि त्यांची संख्या तुरुंग व शाळा यांच्या अहवालांत विखुरलेली असे. नाशिक जिल्ह्याचे गॅझेटिअर १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात न्याय व शिक्षण यांना स्वतंत्र प्रकरणे आहेत, परंतु उपेक्षित मूल ही मोजण्याची बाब तेव्हा प्रशासनाच्या कल्पनेत नव्हती. दुसरे मत मुंबई बालक अधिनियम, १९२४ पासून आरंभ धरते. मद्रास (१९२०) व बंगाल (१९२२) यांच्या पाठोपाठ आलेल्या या कायद्याने गुन्हा न केलेल्या, पण निराधार वा गैरवागणुकीस बळी पडलेल्या मुलास प्रथमच न्यायालयीन संरक्षणाच्या कक्षेत आणले. त्याचा अंमल मुंबई शहरात साधारणतः १९२७ पासून सुरू झाला व तो क्षेत्राक्षेत्राने वाढवण्यात आला. त्यामुळे नाशिकसाठी हा आरंभ मुंबईपेक्षा पुढचा मानावा लागतो. १९४८ च्या अधिनियमाने त्याची जागा घेतली. तिसरे मत २००९-१० मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालसंरक्षण योजनेस महत्त्व देते, कारण जिल्हा बालसंरक्षण कक्ष तीतून उभे राहिले. संकल्पनेचा उगम १९२४ च्या कायद्यात आणि नियमित जिल्हावार गणनेचा उगम २००९ नंतर, अशी विभागणी पुराव्याशी अधिक जुळते.

वयाच्या मर्यादेने ही मालिका मध्येच तुटते, याकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. किशोर न्याय अधिनियम, १९८६ नुसार मुलग्यासाठी सोळा व मुलीसाठी अठरा ही वयोमर्यादा होती. २००० चा अधिनियम १ एप्रिल २००१ रोजी अंमलात आल्यावर ती दोघांसाठी अठरा झाली. त्यामुळे मुलग्यांचे २००१ पूर्वीचे व नंतरचे आकडे एकाच रेषेत मांडता येत नाहीत. सोळा ते अठरा वयाचे मुलगे आधी सुरक्षित होते आणि नंतर संकटात आले, असा भास अशा मांडणीतून निर्माण होतो. प्रत्यक्षात ते आधी मोजलेच जात नव्हते.

सध्या लागू असलेला किशोर न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा १५ जानेवारी २०१६ पासून अंमलात आहे. त्याच्या कलम २(१४) मध्ये काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाचे बारा प्रकार दिले आहेत. बेघर, भीक मागणारे वा कामास जुंपलेले, पालक असमर्थ असलेले, बेपत्ता, अत्याचारग्रस्त, तसेच बालविवाहाचा नजीकचा धोका असलेले मूल, असे हे प्रकार एकमेकांना छेद देतात. नोंदवहीत मात्र बहुधा एकच कारण लिहिले जाते आणि ते कोणते लिहावे हे मूल आणणाऱ्यावर अवलंबून राहते. द्राक्षबागेत काम करताना सापडलेली, शाळा सोडलेली आणि लग्न ठरलेली मुलगी कामगार विभागाच्या पथकाने आणली तर बालकामगार ठरते, ग्रामसेवकाने कळवले तर बालविवाहाचे प्रकरण ठरते.

मूल सापडल्यापासून प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत त्यास समितीपुढे हजर करावे लागते. समितीत एक अध्यक्ष व चार सदस्य असतात. त्यांपैकी किमान एक स्त्री असावी लागते आणि महिन्यातून किमान वीस दिवस समितीची बैठक व्हावी लागते. २०१६ च्या आदर्श नियमांतील नमुना १७ मध्ये मुलाबरोबरचा अहवाल भरला जातो: ते कोठे व कोणास सापडले, सोबत कोण होते, अंगावर जखमा आहेत काय, पालकांशी संपर्क झाला काय. यानंतर पंधरा दिवसांत गृहभेट घेऊन सामाजिक तपासणी अहवाल (नमुना २२) आणि पहिल्या सादरीकरणापासून चार महिन्यांत अंतिम आदेश, असा कायद्याचा क्रम आहे. निकाली व प्रलंबित प्रकरणांचा तिमाही अहवाल समितीने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना द्यावयाचा असतो. जिल्ह्यातील बालसंरक्षणाचा खरा कणा हा तिमाही अहवालच होय. त्यातील एकक मात्र प्रकरण हे आहे, मूल नव्हे. तीन भावंडे एका प्रकरणात येऊ शकतात, आणि एकच मूल दोन वर्षांत दोनदा सादर झाले तर त्याची दोन प्रकरणे होऊ शकतात.

पेठ तालुक्यातील एका पाड्यावर सोळा वर्षांच्या मुलीचे लग्न थांबवण्यात आले असे समजू. शेजाऱ्याने १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर केलेला दूरध्वनी ही पहिली नोंद. बालविवाह प्रतिबंध अधिकारी या नात्याने ग्रामसेवकाने केलेली ती दुसरी. नाशिक ग्रामीण पोलिसांची ठाणे दैनंदिनी ही तिसरी आणि समितीपुढील सादरीकरण ही चौथी. सरपंचाच्या अध्यक्षतेखालील ग्राम बालसंरक्षण समितीने विषय इतिवृत्तात घेतला तर पाचवी. या साऱ्यांची बेरीज करणारे कोष्टक एका मुलीच्या पाच मुली करते. उलट केवळ गुन्ह्यांची मोजदाद करणारे कोष्टक, लग्न लागलेच नाही म्हणून, तिला शून्य धरते.

१०९८ ही सेवा १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रयोगातून जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने सुरू झाली आणि पुढे स्थानिक संस्थांमार्फत देशभर पसरली. २०२३ मध्ये ती शासकीय यंत्रणेकडे घेऊन ११२ या आपत्कालीन सेवेशी जोडण्यात आली. माहितीसाठी आलेले व नुसतेच शांत राहिलेले दूरध्वनीही तिच्या जुन्या गणनेत वर्गवार धरले जात. म्हणून हस्तांतरापूर्वीचे व नंतरचे आकडे शेजारी ठेवताना सावधगिरी बाळगणे इष्ट आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात नाशिक जिल्हा एक घटक म्हणून येत नाही. नाशिक शहर आयुक्तालय आणि नाशिक ग्रामीण अशा दोन ओळी असतात व लोहमार्ग पोलिसांची गणना वेगळी होते. शिवाय एका घटनेत अनेक गुन्हे असल्यास त्यांतील सर्वांत गंभीर गुन्हाच मोजला जातो. १० मे २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनुसार बेपत्ता बालकाच्या तक्रारीत अपहरण वा अनैतिक व्यापार गृहीत धरून गुन्हा नोंदवणे बंधनकारक झाले. रागावून मामाच्या गावी गेलेला चौदा वर्षांचा मुलगा तेव्हापासून अपहरणाच्या स्तंभात येतो. याला आकडे फुगणे म्हणणे योग्य नव्हे, कारण त्या निर्देशांमुळे शोध तत्काळ सुरू होतो. मात्र या वाढीवरून अपहरणे वाढली असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे.

३० मे २०२३ ची घटना या दृष्टीने बोलकी आहे. बिहारमधून पुण्याकडे जाणाऱ्या रेल्वेगाडीतील ५९ मुले बालतस्करीच्या संशयावरून भुसावळ व मनमाड येथे उतरवून घेण्यात आली आणि नाशिक व जळगाव जिल्ह्यांतील संस्थांत काही दिवस ठेवून परत पाठवण्यात आली. मुले मदरशात शिक्षणासाठी जात असल्याचे निष्पन्न होऊन २०२४ मध्ये पोलिसांनी प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. सादरीकरणाच्या नोंदींतून ही मुले त्यामुळे वजा होत नाहीत, व तशी ती होऊही नयेत, कारण त्यांचे संस्थेत राहणे प्रत्यक्ष घडले होते. परंतु त्या वर्षीच्या नाशिकच्या आकड्यास जिल्ह्यातील बाललोकसंख्येने भागून दर काढला, तर बिहारमधील अररियाची ही मुले नाशिकच्या माथी येतात. सापडण्याचे ठिकाण व मूळ गाव हे दोन स्तंभ वेगळे ठेवणे हाच यावरचा उपाय दिसतो.

याच्या नेमके उलट उदाहरण इगतपुरी तालुक्यातील आहे. तेथील कातकरी कुटुंबांतील मुले अल्प मोबदल्यात मेंढपाळांकडे राबण्यासाठी पाठवली गेल्याचे २०२२ मध्ये एका मुलीच्या मृत्यूनंतर उघड झाले. ही मुले जिल्ह्याबाहेर राबत होती, त्यांच्याविषयी कोणी दूरध्वनी केला नव्हता आणि तोवर कोणत्याही मालिकेत ती नव्हती. वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ खालील मुक्ततेची कार्यवाही महसूल यंत्रणा करते व तिची नोंद बालकल्याण समितीच्या नोंदींहून वेगळी राहते. कमी आकडा म्हणजे सुरक्षित तालुका, असे वाचन किती घातक ठरते हे येथे दिसते.

साहाय्याच्या बाजूस दोन प्रमुख शीर्षे आहेत. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतील प्रायोजकत्वात, म्हणजे कुटुंबात राहणाऱ्या मुलासाठीच्या अर्थसाहाय्यात, दरमहा ४,००० रुपये मिळतात. त्यासाठी वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० व इतरत्र ९६,००० रुपये आहे. राज्याच्या बालसंगोपन योजनेचे मासिक अनुदान २०२१ मध्ये १,१०० व २०२३ मध्ये २,२५० रुपये झाले आणि तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. लाभार्थींची संख्या मंजूर, पात्र व प्रत्यक्ष खात्यात रक्कम जमा झालेली अशा तीन प्रकारे सांगता येते आणि या तिन्हींत मोठे अंतर पडू शकते. तिसरीच संख्या मुलाच्या उपयोगाची असल्याने तीच प्रथम दिली जावी. कोविड काळात दोन्ही पालक गमावलेले व एक पालक गमावलेले असे दोन गट करण्यात आले. पाच लाख रुपयांची राज्याची मुदत ठेव पहिल्या गटासाठी होती, तर एकल पालकांची मुले मुख्यतः बालसंगोपन योजनेत आली. या दोहोंना सरसकट ‘कोविड अनाथ’ म्हणणारी कोष्टके वापरू नयेत.

संस्थांतील मुलांची मोजदाद तुलनेने सोपी आहे. उंटवाडी येथील निरीक्षणगृह व बालगृह, दत्तकविधानाचे कार्य करणारा आधाराश्रम यांसारख्या संस्था त्यात येतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत देशभर ९,५८९ बालसंगोपन संस्था आढळल्या होत्या. आश्रमशाळा मात्र आदिवासी विकास विभागाच्या अखत्यारीत असल्याने या गणनेबाहेर राहतात. घरापासून दूर राहणाऱ्या मुलांचा विचार करता नाशिकमध्ये ही मोठी वगळणूक आहे. शिक्षा झालेल्या तरुणांसाठीचे नाशिकचे किशोर सुधारालय तुरुंगांच्या आकडेवारीत गणले जाते.

इंग्लंडशी तुलना करताना तेथील पायऱ्या लक्षात घ्याव्यात. २०२३-२४ मध्ये तेथे सुमारे ६ लाख २० हजार सूचना नोंदल्या गेल्या. ३१ मार्च २०२४ रोजी सुमारे ४ लाख मुले गरजू बालक म्हणून आणि त्यांपैकी सुमारे ५० हजार संरक्षण योजनेखाली होती. पहिला आकडा वर्षभराचा प्रवाह आहे व उरलेले दोन एका दिवसाची स्थिती दाखवतात. बारा महिन्यांत पुन्हा आलेल्या सूचनांचे प्रमाणही तेथे दरवर्षी जाहीर होते. नाशिकसाठी हेच एक मापन सर्वांत आधी स्वीकारण्याजोगे आहे, कारण घरी परत पाठवलेले मूल पुन्हा समितीपुढे आले काय, यावरून आधीच्या आदेशाची योग्यता कळते.

नोंदवही आणि सर्वेक्षण यांतील दरी मोठी असते. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अभ्यासात तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलण्यात आले आणि दर तिघांपैकी दोघांनी शारीरिक छळ सांगितला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरापूर्वी झालेले आढळले. थांबवलेल्या विवाहांची संख्या या प्रमाणाच्या जवळपासही जात नाही.

आकडे तालुकावार प्रसिद्ध करण्यास २०१५ च्या अधिनियमाचे कलम ७४ मर्यादा घालते, कारण मुलाची ओळख उघड करण्यास त्यात मनाई आहे. सुरगाण्यात तिमाहीत एखाद-दुसरेच लैंगिक अत्याचाराचे प्रकरण असेल आणि वय व लिंग हेही छापले गेले, तर पाड्यावर मूल ओळखू येते. अशा वेळी तालुक्याचे नाव गाळण्यापेक्षा पेठ, सुरगाणा व त्र्यंबकेश्वर यांचा एक गट करून वार्षिक संख्या देणे अधिक उचित होय. नाव गाळल्यास या तालुक्यांतील मुले जिल्ह्याच्या बेरजेत विरून जातात आणि तेथे गृहभेटींसाठी किती मनुष्यबळ लागेल याचा अंदाज बांधता येत नाही.