स्व-परबोध

स्व-परबोध : हे शरीर माझे आहे, ही हालचाल मी केली, समोरचा माणूस माझ्याहून वेगळा आहे आणि मला ठाऊक असलेले त्याला ठाऊक नसू शकते, या जाणिवांचा मेंदूतील आधार. आत्म्याविषयी न्याय, वेदान्त व चार्वाक दर्शनांत झालेला वाद येथे घेतलेला नाही. प्रयोगाने तपासता येईल तेवढाच भाग घेतला आहे.

मेंदूत ‘मी’ची एकच एक जागा नाही, हे आता बहुतेक अभ्यासक मान्य करतात. शरीराच्या मालकीची जाणीव अग्रप्रेरक बाह्यकाचा (हालचालीची आखणी करणाऱ्या मेंदूच्या पृष्ठभागाचा) खालचा भाग व पार्श्वखंड (माथ्याखालचा मागील भाग) यांच्याशी जोडली जाते, तर छातीतील धडधड व श्वास यांची जाणीव इन्शुलाशी (बाह्यकाच्या घडीत दडलेल्या भागाशी). स्वतःच्या स्वभावाविषयीचा निवाडा करताना ललाटखंडाचा (कपाळामागील भागाचा) मध्यभाग अधिक कार्यरत होतो. दुसऱ्याची समजूत ताडताना शंखखंड (कानाजवळचा भाग) व पार्श्वखंड मिळतात तेथील भाग, विशेषतः उजवीकडचा, पुढे येतो. स्वतःच्या हालचालीने कोणता स्पर्श होणार याचा अंदाज निमस्तिष्क (लहान मेंदू) आधीच बांधते. स्वतःच्या हाताने गुदगुल्या होत नाहीत त्या यामुळेच, असे ब्लेकमोर, वोल्पर्ट व फ्रिथ यांच्या १९९८ मधील प्रयोगावरून दिसते.

रबरी हाताचा भ्रम : हात ‘माझा’ हे मेंदू कशावरून ठरवतो, ते दाखवणारा हा प्रयोग नाशिकच्या एखाद्या महाविद्यालयातील मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकातही फारशा खर्चाविना होतो. कापडदुकानातील पुतळ्याचा सुटा डावा हात किंवा कापूस ठासून भरलेला रबरी हातमोजा, पुठ्ठ्याचा उभा पडदा, टॉवेल आणि एकाच मापाचे दोन मऊ कुंचले एवढे साहित्य पुरते. विद्यार्थ्याने डावा हात टेबलावर पडद्याआड ठेवायचा. खोटा हात पडद्याच्या अलीकडे, खऱ्या हातापासून १५ ते २० सेंमी.वर, बोटे त्याच दिशेला करून ठेवतात. मनगटापासून खांद्यापर्यंत टॉवेल टाकतात, म्हणजे खोट्या हाताचा तुटका कडा दिसत नाही. मग दोन्ही हातांच्या त्याच बोटावर, त्याच क्षणी, त्याच दिशेने कुंचला फिरवायचा. लय मुद्दाम थोडी अनियमित ठेवतात. ठोकळेबाज लयीत पुढचा स्पर्श कधी येणार ते आधीच कळते आणि दोन्ही हातांवरचे स्पर्श एकाच वेळी झाले, याला मग विशेष अर्थ उरत नाही. अनेकांना मिनिटभरात, काहींना १०-१५ सेकंदांतच, स्पर्श रबरी हातावर होत असल्यासारखे वाटू लागते. यानंतर डोळे मिटून, उजव्या हाताने टेबलाखालून डाव्या तर्जनीची जागा दाखवायला सांगितली, की बोट खोट्या हाताकडे सरकलेले आढळते.

प्रयोग फसतो तो बहुधा वेळेच्या गडबडीने. दोन कुंचल्यांत सुमारे ३०० मिलिसेकंदांहून अधिक अंतर पडले की भ्रम विरतो. तुलनेसाठी घ्यायच्या दुसऱ्या फेरीत म्हणूनच कुंचले मुद्दाम मागेपुढे फिरवतात. खोटा हात आडवा वळवला, डाव्याच्या जागी उजवा ठेवला किंवा दोन हातांत ३० सेंमी.पेक्षा बरेच अंतर ठेवले, तरी परिणाम झपाट्याने घटतो. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत गारठलेल्या बोटांना हलका कुंचला नीट कळत नाही, तेव्हा आधी हात चोळून गरम करावेत. पंखा बंद ठेवणे बरे. खऱ्या हाताला लागणारा वारा त्याची जागा सांगत राहतो.

या प्रयोगाचा मान सर्वसाधारणपणे बॉटविनिक व कोहेन (१९९८) यांना दिला जातो. तथापि तास्तव्हँ या फ्रेंच संशोधकाने १९३७ मध्येच खोटे बोट स्वतःचे वाटण्याचा अनुभव नोंदवला होता. त्याची सुरुवात ॲरिस्टॉटलच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, बोटावर बोट चढवून एक गोळी दोन भासवण्याच्या खेळापासून होते. काही लेखक त्यामुळे १९३७ हेच आरंभवर्ष धरतात. निरीक्षण तास्तव्हँचे आणि प्रश्नावली व मोजमाप यांसह केलेला प्रयोग १९९८ चा, अशी विभागणी अधिक योग्य दिसते. एर्सन, स्पेन्स व पासिंगहॅम यांनी २००४ मध्ये भ्रमाच्या वेळी अग्रप्रेरक बाह्यकातील वाढती क्रिया चित्रित केली. मोजमापाचा वाद मात्र मिटलेला नाही. रोडे, डी लुका व अर्न्स्ट (२०११) यांना बोट सरकणे व ‘हात माझा’ वाटणे या दोन गोष्टी एकमेकींपासून सुटू शकतात असे आढळले. म्हणून केवळ सरकलेले सेंटिमीटर मोजून मालकीविषयी निष्कर्ष काढू नये. प्रयोगात काय वाटणे अपेक्षित आहे ते ओळखून लोक तसा अनुभव घेतात, असाही आक्षेप आहे. तो पूर्ण फेटाळता येत नाही, पण वेळ जुळणे-न जुळणे यांतील फरक त्याने समाधानकारक उलगडत नाही.

विकार : मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागाला पक्षाघात झाल्यावर काही रुग्ण लुळा डावा हात आपला नसून दुसऱ्या कोणाचा आहे असे ठामपणे सांगतात. याउलट, कापलेला हात-पाय असल्यासारखा वाटतो, दुखतोही. वायर मिचेल यांनी १८७१ मध्ये त्याला ‘फँटम लिंब’ म्हटले. नाशिकच्या सातपूर-अंबडसारख्या औद्योगिक वसाहतींत प्रेस मशिनवर बोटे किंवा पंजा गमावण्याचा धोका असतो, त्यामुळे हा भाग येथे केवळ पुस्तकी नाही. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात सुचवलेल्या आरसा-उपचारात आरसा शरीराच्या मध्यरेषेवर उभा धरतात, तुटलेला भाग मागे झाकतात आणि धड हाताच्या सावकाश हालचाली आरशात पाहायला लावतात. सामान्यतः रोज १५ ते ३० मिनिटे, काही आठवडे. अंगठी, घड्याळ, गंडा-दोरा काढून ठेवावा आणि गोंदण बाहीने झाकावे, नाहीतर प्रतिमा ‘दुसऱ्या’ हाताची वाटत नाही. काहींची वेदना सुरुवातीला वाढते; तेव्हा वेळ कमी करतात. गुण सर्वांना येत नाही. अवयव गेल्यावर बाह्यकातील शरीराच्या नकाशात (कोणत्या अवयवाला कोणती जागा, या मांडणीत) शेजारचे भाग पसरतात व त्याने वेदना होते, हे १९९० च्या दशकातील मत. मेकिन व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये गेलेल्या हाताचा नकाशा टिकून असल्याचे दाखवल्यापासून ते डळमळले आहे.

कापग्रा विकारात (१९२३) घरचे माणूस ओळखू येते, पण ते तोतया आहे असे वाटते. चेहरा ओळखणारा मार्ग शाबूत व त्याला जोडलेली भावनिक ओळख तुटलेली, हे एलिस व यंग यांचे स्पष्टीकरण आज अधिक स्वीकारले जाते.

दुसऱ्याचे मन : १९८५ च्या प्रसिद्ध चाचणीत एक बाहुली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते आणि दुसरी ती खोक्यात लपवते. पहिली परत आल्यावर गोटी कुठे शोधेल, असे मुलाला विचारतात. गोटी आधी कुठे होती व आता कुठे आहे, हे दोन प्रश्नही विचारावेच लागतात, अन्यथा चूक स्मरणाची की समजुतीची ते कळत नाही. स्वमग्नता (ऑटिझम) असलेल्या २० पैकी १६ मुलांचे उत्तर चुकले होते. मराठीत घेताना ‘कुठे बघायला पाहिजे’ असे विचारू नये. मूल गोटीची खरी जागा सांगून मोकळे होते. ‘आधी कुठे बघेल’ हे नेमके.

इटलीतील पार्मा येथे १९९२ मध्ये माकडांत आढळलेल्या मिरर न्यूरॉनवर (स्वतः कृती करताना आणि दुसऱ्याची तीच कृती पाहतानाही चेतणाऱ्या पेशींवर) सहानुभूतीचा सारा भार टाकण्याची पद्धत लोकप्रिय लिखाणात रूढ झाली. पुराव्याच्या मानाने तो दावा जड आहे.

गर्दीतील ‘आम्ही’ : गर्दीत माणसाचे स्वत्व विरघळते हे ल बाँ या फ्रेंच लेखकाचे (१८९५) मत सिंहस्थाच्या बातम्यांत अजून डोकावते. सामाजिक मानसशास्त्रज्ञ स्टीफन रायकर आदींच्या मते स्वत्व नाहीसे होत नाही, ‘मी’कडून ‘आम्ही’कडे वळते. प्रयागच्या माघ मेळ्यावरील २०१२ च्या अभ्यासात महिनाभर कल्पवास (नदीकाठी राहून व्रत) केलेल्यांनी आपले स्वास्थ्य सुधारल्याचे सांगितले. तो अभ्यास प्रश्नावलीचा होता. डोके स्थिर ठेवून नळीत पडून राहावे लागणाऱ्या स्कॅनने मेळा मोजता येत नाही. रामकुंडावर किंवा त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तावर येणारे बहुसंख्य भाविक स्नान करून परततात, तेव्हा प्रयागचे निष्कर्ष येथे जपूनच लावावेत. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या सिंहस्थात झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ जण दगावले. अशा घटनांना ‘भान हरपलेली गर्दी’ हे कारण देणे पटण्यासारखे नाही. एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसे दाटली की कोणाचीच पावले त्याच्या ताब्यात राहत नाहीत, धक्का लाटेसारखा पुढे जातो आणि छाती दबून श्वास कोंडतो. मागच्यांना पुढे काय झाले ते दिसत नाही, म्हणून ते ढकलत राहतात.