व्हिनाइल सिंगल

व्हिनाइल या प्लॅस्टिकची, साधारणतः ७ इंच व्यासाची, मिनिटाला ४५ फेरे घेणारी आणि प्रत्येक बाजूस बहुधा एकच गाणे असलेली ध्वनिमुद्रिका. आरसीए व्हिक्टर या अमेरिकन कंपनीने ती मार्च १९४९ मध्ये बाजारात आणली. आदल्याच वर्षी कोलंबिया या कंपनीने ३३⅓ फेऱ्यांची दीर्घवादन तबकडी (एलपी) आणली होती. लाखेच्या, ७८ फेऱ्यांच्या ठिसूळ तबकडीची जागा पुढे या दोघींनी वाटून घेतली : विस्तृत रचना एलपीवर, सुटे गाणे सिंगलवर.

फेऱ्यांची संख्या ४५ च का, याविषयी मतभेद आहेत. ७८ मधून ३३ वजा करून हा आकडा काढला, ही उपपत्ती लोकप्रिय असली तरी स्वीकारणे अवघड आहे. आरसीएमधील या तबकडीवरील काम एलपी जाहीर होण्याच्या बरेच आधी, बहुधा १९४० च्या सुमारास, सुरू झाले होते. गणिती उपपत्ती अधिक सयुक्तिक वाटते. तबकडी एकाच गतीने फिरत असली तरी आतील वळणांत सुईखालून सरकणाऱ्या चराचा (ध्वनी कोरलेल्या खाचेचा) वेग कमी होतो व ध्वनीतील विकृती वाढते. हा किमान वेग ठरवून घेतला, तर सर्वांत आतील वळणाचा व्यास बाहेरील वळणाच्या निम्मा असताना वादनकाल सर्वाधिक मिळतो. तथापि या नियमातून केवळ व्यासांचे प्रमाण मिळते. फेरे किती, हे विकृती कितपत चालवून घ्यायची त्यावर ठरते. शिवाय मधले लेबलच जवळजवळ निम्मा व्यास व्यापते, त्यामुळे चर प्रत्यक्षात त्या मर्यादेच्या बाहेरच संपतो. म्हणजे ४५ हा आकडा शुद्ध गणिताचा नव्हे, तडजोडीचा मानावा लागतो. मधले १½ इंचाचे छिद्र मात्र निर्विवादपणे तबकड्या आपोआप बदलणाऱ्या यंत्रासाठी होते.

निर्मितीत प्रथम लॅकरच्या (मऊ रोगणाचा थर दिलेल्या) तबकडीवर चर कोरतात, विद्युत् विलेपनाने तिचे निकेलचे साचे घेतात आणि त्यांखाली तापवलेले व्हिनाइल दाबतात. कोरणी व साचे यांचा खर्च १०० प्रती काढा वा १,०००, जवळजवळ तोच राहतो. स्वतंत्र, म्हणजे बड्या कंपन्यांशी न बांधलेल्या, कलावंताचे अर्थकारण याच अटीभोवती फिरते.

बझकॉक्स या मँचेस्टरच्या गटाने जानेवारी १९७७ मध्ये उसनवारीच्या पैशांतून ७ इंची तबकडीच्या १,००० प्रती स्वतः काढल्या. तिच्यावर चार गाणी असल्याने काटेकोरपणे ती सिंगल नव्हे, ईपी (सिंगलहून लांब, एलपीहून लहान मुद्रिका) ठरते. परंतु स्वप्रकाशनाच्या लाटेचा आरंभ सहसा येथूनच धरला जातो. स्क्रिटी पोलिटी या गटाने १९७८ मध्ये आपल्या सिंगलच्या वेष्टनावर निर्मितीचा खर्चच छापला. खरी अडचण वितरणाची होती व ती रफ ट्रेडसारख्या दुकानांनी बरीचशी सोडवली. जानेवारी १९८० पासून ब्रिटनमध्ये स्वतंत्र प्रकाशनांच्या विक्रीची वेगळी क्रमवारी (इंडी चार्ट) निघू लागली. तीत प्रवेशाचा निकष संगीताचा बाज नव्हता. वितरण बड्या कंपन्यांबाहेरून व्हावे एवढीच अट होती.

पुढे कॅसेट व सीडी यांनी सिंगल मागे सारली. २००३ मध्ये ॲपलच्या आयट्यून्स या ऑनलाइन दुकानाने गाणी सुटी विकायला काढली, पण वस्तूविना. प्रवाही (स्ट्रीमिंग) सेवांवर तर श्रोता गाणे विकतच घेत नाही; सेवेकडे जमा झालेल्या रकमेतून गाण्याच्या हक्कधारकांना ऐकण्याच्या प्रमाणात वाटा मिळतो. स्पॉटिफायवर २०२४ पासून, मागील १२ महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकलेल्या गाण्याला हा वाटाही मिळत नाही. त्यामुळे थोड्या प्रतींची सिंगल मैफलीत किंवा बँडकॅम्प या संकेतस्थळावर थेट विकणे पुन्हा काहींना सोयीचे वाटते. आगाऊ मागणी घेतल्यास साच्यांचा खर्च आधीच निघतो.

व्हिनाइलच्या पुनरुज्जीवनाची आकडेवारी मुख्यतः एलपीची आहे, हे विसरता कामा नये. कारखान्यांतही एलपीच्या मोठ्या मागण्यांपुढे छोट्या कलावंताला ताटकळावे लागते. फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाल्यावर लॅकर तबकड्या पुरवणारी जपानमधील एकच प्रमुख कंपनी उरली. अगदी मोजक्या प्रती हव्या असल्यास साच्याला फाटा देऊन प्रत्येक तबकडी स्वतंत्रपणे कोरून घेतात. ती एकेक करून, गाणे वाजायला लागतो तेवढा वेळ देऊन कोरावी लागते व तिचा ध्वनी सहसा उणा असतो.