शासकीय सोयीसाठी करारसमाप्ती

सरकारने दिलेले कंत्राट, कंत्राटदाराची कोणतीही कसूर नसताना, ते पुढे चालवणे सरकारच्या हिताचे उरले नाही एवढ्याच कारणाने मध्येच संपवणे. अमेरिकेच्या संघराज्य खरेदी कायद्यात ही संकल्पना सर्वाधिक विकसित झाली असून तेथे तिला ‘टर्मिनेशन फॉर कन्व्हिनियन्स’ म्हणतात. खाजगी व्यवहारात एका पक्षाने असे अंग काढून घेतले, तर तो करारभंग ठरतो आणि दुसऱ्याला बुडालेला नफाही मागता येतो. सरकारी करारात मात्र थांबण्याचा हक्क आधीच राखून ठेवलेला असतो. त्यामुळे झालेल्या कामाचा खर्च, त्यावरील वाजवी नफा आणि काम आवरते घेण्याचा खर्च कंत्राटदाराला मिळतो. न झालेल्या कामावरील नफा मिळत नाही. कंत्राटदार आणि सरकार यांच्यातील बहुतेक वाद या एका फरकापाशी येऊन थांबतात.

उगम : या हक्काची सुरुवात कोठून धरावी याविषयी एकमत नाही. पाठ्यग्रंथांत बहुधा कॉर्लिस स्टीम-इंजिन कंपनीच्या खटल्याचा दाखला देतात. यादवी युद्धाच्या काळात या कंपनीने नौदलाच्या जहाजांसाठी वाफेची यंत्रसामग्री बनवण्याचे काम घेतले होते. युद्ध संपले, यंत्रांची गरज राहिली नाही आणि १८६९ मध्ये नौदलाने काम थांबवून कंपनीशी हिशेब मिटवला. हा मिटवलेला हिशेब सरकारवर बंधनकारक आहे का, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. जहाजबांधणीत आणि शस्त्रास्त्रांत सतत सुधारणा होत असताना खात्याला ठरलेले काम थांबवता येत नसेल, तर सार्वजनिक सेवेची मोठी हानी होईल, असे सांगून न्यायालयाने उत्तर होकारार्थी दिले. निकालाचे वर्ष काही ठिकाणी १८७५, तर काही ठिकाणी १८७६ दिलेले आढळते. खटला ऑक्टोबर १८७५ च्या सत्रातला असल्याने हा घोळ झाला आहे. (याच कॉर्लिसचे अवाढव्य इंजिन १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनाचे मुख्य आकर्षण होते.)

तथापि या निकालाला उगम मानण्यात एक अडचण आहे. कंपनीच्या करारात समाप्तीचे कलमच नव्हते आणि शेवट दोन्ही पक्षांच्या संमतीने झाला होता. एकतर्फी हक्काचा पाया म्हणून तो दाखला लंगडा पडतो. दुसरे मत १८६३ च्या लष्करी नियमावलीकडे बोट दाखवते. अन्नपुरवठ्याचे करार पुरवठा खात्याचा प्रमुख सांगेल तेव्हा संपतील अशी स्पष्ट तरतूद करारातच असावी, असे त्या नियमावलीत सांगितले होते. हे कॉर्लिसच्या निकालापूर्वीचे आहे आणि त्यात लेखी कलमही आहे. परंतु ते शिधासामग्रीपुरते मर्यादित होते आणि समाप्तीनंतर भरपाई कशी मोजायची याविषयी काही सांगत नाही.

तिसरे मत पहिल्या महायुद्धावर भर देते. १५ जून १९१७ च्या कायद्याने जहाजे व युद्धसामग्रीचे करार बदलण्याचा, स्थगित करण्याचा किंवा रद्द करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना मिळाला. ११ नोव्हेंबर १९१८ च्या शस्त्रसंधीनंतर अर्धवट राहिलेल्या करारांचा ढीग समोर आला. २ मार्च १९१९ च्या डेंट कायद्याने औपचारिक सह्या न झालेल्या करारांचाही हिशेब मिटवण्याची सोय केली, पण पुढे होऊ शकणारा नफा देण्यास मनाई केली. रसेल मोटार कार कंपनीच्या खटल्यात (१९२३) सर्वोच्च न्यायालयाने १९१७ च्या कायद्याखालील भरपाईतूनही अपेक्षित नफा वगळला. कॉलेज पॉइंट बोट कॉर्पोरेशनच्या खटल्यात (१९२५) न्यायालय आणखी पुढे गेले : रद्द करण्याचा हक्क आपल्याला आहे हे काम थांबवताना सरकारला ठाऊक नसले, तरी त्या हक्काचा लाभ त्याला मिळतो. या संकल्पनेचे वैशिष्ट्य काम थांबवण्याच्या अधिकारापेक्षा भरपाईच्या मर्यादेत आहे हे लक्षात घेतल्यास तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

दुसऱ्या महायुद्धात १९४४ च्या करार-तडजोड कायद्याने ही पद्धत सविस्तर बांधली. कारखान्यांना शांतताकालीन उत्पादनाकडे लवकर वळता यावे हा त्यामागील हेतू होता. युद्धानंतर संरक्षण खरेदीच्या नियमांतून आणि पुढे मुलकी खात्यांच्या नियमांतून हे कलम युद्धाशी संबंध नसलेल्या कामांतही आले. १ एप्रिल १९८४ पासून लागू झालेल्या संघराज्य खरेदी विनियमांच्या, म्हणजे ‘फार’च्या, ४९ व्या भागात ते संकलित झाले आहे.

न्यायालयीन मर्यादा : १९६३ च्या जी. एल. ख्रिश्चन खटल्याने कलमाला वेगळेच बळ दिले. लुइझियानातील फोर्ट पोल्क येथे २,००० सैनिकी घरे बांधण्याचे काम, तळ बंद करण्याचे ठरल्यामुळे, १९५८ मध्ये थांबवले गेले. करारात समाप्तीचे कलम छापलेलेच नव्हते. तरीही, नियमांनी ते अनिवार्य केलेले असल्याने ते करारात आहे असेच धरले जाईल, असा निर्णय क्लेम्स न्यायालयाने, म्हणजे सरकारवरील पैशाचे दावे ऐकणाऱ्या न्यायालयाने, दिला. बुडालेल्या नफ्याची मागणी अर्थात टिकली नाही. न लिहिलेले कलम वाचून दाखवणारा हा ‘ख्रिश्चन सिद्धांत’ आता समाप्तीच्या विषयाबाहेरही वापरला जातो.

हा हक्क इतका मोकळा असेल, तर सरकारने दिलेल्या वचनाला प्रतिफल (ज्यामुळे करार बंधनकारक होतो तो परस्पर मोबदला) म्हणून काय किंमत उरते? हा प्रश्न टॉर्नसेलो खटल्यात (१९८२) विचारला गेला. सॅन डिएगो भागातील नौदलाच्या वसाहतींत कीड व उपद्रवी प्राण्यांच्या नियंत्रणाचे काम एका कंपनीला दिले होते. मात्र एक विशिष्ट काम स्वतःच्याच विभागाकडून स्वस्तात होते म्हणून नौदलाने कंपनीला बोलावलेच नाही. वाद उभा राहिल्यावर, ही एक प्रकारे सोयीची समाप्तीच होती, असा पवित्रा सरकारने घेतला. न्यायालयाने तो नाकारला. करार करताना स्वस्त पर्याय माहीत होता आणि नंतर परिस्थितीत काही बदल झाला नव्हता; मग हे कलम ढाल म्हणून वापरता येणार नाही. १९७४ च्या कलोनियल मेटल्स खटल्यातील याच्या उलट निर्णय त्यामुळे मागे पडला.

टॉर्नसेलोतील कारणमीमांसेला मात्र न्यायाधीशांचे स्पष्ट बहुमत नव्हते. फेडरल सर्किट या अपील न्यायालयाने तिला पुढे हळूहळू आखडते घेतले. सॉल्सबरी खटल्यात (१९९०) तिचा अर्थ, पाळायचाच नाही हे ठाऊक असताना केलेला करार, एवढ्यापुरता ठरला. क्रायगोस्की खटल्यात (१९९६) लष्कराच्या अभियंता दलाने मिशिगनमधील एका सोडून दिलेल्या क्षेपणास्त्रतळाच्या पाडकामात अ‍ॅस्बेस्टॉसचे काम बरेच वाढते आहे हे पाहून करार संपवला आणि नव्याने निविदा काढण्याचे ठरवले. ‘परिस्थितीतील बदला’ची कसोटी येथे बाजूला ठेवण्यात आली, १९८४ च्या स्पर्धात्मक खरेदी कायद्यानंतर खुल्या स्पर्धेसाठी करार थांबवणे हे रास्त कारण मानले गेले. आता बदनियत किंवा अधिकाराचा स्पष्ट गैरवापर सिद्ध झाला तरच समाप्ती करारभंग ठरते. सरकारी अधिकारी सचोटीने वागतात असे गृहीत धरले जाते आणि अॅम-प्रो खटल्यानुसार (२००२) ते खोडण्यासाठी स्पष्ट व खात्रीलायक पुरावा लागतो. टॉर्नसेलोचा दाखला वकील अजूनही देतात. त्याच्या जोरावर जिंकणारे विरळाच.

हिशेब : म्हणूनच कंत्राटदाराची खरी लढाई आकड्यांची असते. समाप्तीची सूचना मिळताच त्याने काम थांबवायचे, पोटकंत्राटे संपवायची, उरलेल्या मालाची यादी करायची आणि एका वर्षाच्या आत तडजोड प्रस्ताव सादर करायचा. मुदत चुकल्यास सरकारचा करार-अधिकारी स्वतःच रक्कम ठरवू शकतो. ठरीव किमतीच्या करारात झालेला खर्च, त्यावरील नफा, पोटकंत्राटदारांचे देणे आणि हिशेबनीस व वकिलांचा तडजोडीपुरता खर्च धरला जातो. तडजोडीचा खर्च सोडून एकूण रक्कम करारकिमतीच्या पुढे जात नाही. रक्कम ठरवताना काटेकोर हिशेबशास्त्रापेक्षा व्यावहारिक निर्णयबुद्धीला प्राधान्य द्यावे, असे विनियम सांगतात. प्रत्यक्षात लेखापरीक्षक मात्र पावत्याच मागतो.

सर्वाधिक कटुता तोट्याच्या समायोजनातून येते. समजा, करारकिंमत १० लाख डॉलर आहे, ६ लाख खर्च झाले आहेत आणि काम पुरे करायला आणखी ६ लाख लागले असते. म्हणजे काम पुरे झाले असते तर कंत्राटदार २ लाखांनी बुडाला असता. अशा वेळी नफा शून्य धरतात आणि झालेल्या खर्चाला १० भागिले १२ या प्रमाणाची कात्री लावतात. ६ लाखांच्या जागी ५ लाख मिळतात. उरलेल्या कामाचा अंदाज सरकारी बाजूने थोडा फुगवला की कात्री खोल जाते, म्हणून वाद या अंदाजावरच पेटतो. बाजारात तयार मिळणाऱ्या वस्तू व सेवांच्या करारांना वेगळे सूत्र आहे : कामाच्या पूर्ततेच्या टक्केवारीइतकी किंमत आणि समाप्तीमुळे ओढवलेला वाजवी खर्च.

प्रस्ताव म्हणजे दावा (करार-अधिकाऱ्याकडे केलेली रीतसर लेखी मागणी) नव्हे, ही आणखी एक मेख. १९७८ च्या करार-विवाद कायद्यानुसार व्याज मिळते ते दाव्यावर. वाटाघाटी खुंटल्यावर तडजोड प्रस्तावाचे दाव्यात रूपांतर होते, असे एलेट कन्स्ट्रक्शन खटल्यात ठरले. १ लाख डॉलरपेक्षा मोठा दावा कंत्राटदाराने प्रमाणित करावा लागतो. अधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध ९० दिवसांत करार-वादांच्या अपील मंडळाकडे किंवा १२ महिन्यांत फेडरल क्लेम्स न्यायालयात दाद मागता येते.

ए-१२ प्रकरण : कसुरीबद्दल करार संपवला आणि कसूर सिद्ध झाली नाही, तर ती समाप्ती सोयीची धरली जाते. म्हणून कसुरीचा शिक्का पुसण्यासाठी कंत्राटदार वर्षानुवर्षे भांडतात. जानेवारी १९९१ मध्ये संरक्षणमंत्री डिक चेनी यांच्या काळात रद्द झालेल्या ए-१२ या नौदलाच्या रडारचुकव्या विमानाचा वाद याचा टोकाचा नमुना होय. मॅकडॉनल डग्लस आणि जनरल डायनॅमिक्स यांच्याकडून सरकारने १.३५ अब्ज डॉलर परत मागितले. कनिष्ठ न्यायालयाने समाप्ती सोयीची ठरवून १९९८ मध्ये कंपन्यांना सुमारे १.२ अब्ज डॉलर देऊ केले. पुढच्याच वर्षी अपिलात तो निर्णय उलटला. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, लष्करी गुपितांमुळे कंपन्यांचा बचाव तपासताच येत नसेल, तर दोन्ही पक्षांना खटला दाखल झाला त्या दिवशी होते तेथेच सोडावे, असे म्हटले. जानेवारी २०१४ मध्ये ४० कोटी डॉलरवर तडजोड झाली, तीही बरीचशी वस्तुरूपात : मॅकडॉनलची वारस बोइंग हिने नौदलाला इलेक्ट्रॉनिक युद्धाची तीन ग्रोलर विमाने द्यायची आणि जनरल डायनॅमिक्सने विनाशिका युद्धनौकेच्या कामात सूट द्यायची.

भारतात : येथे हा हक्क स्वतंत्र सिद्धांत म्हणून नव्हे, तर छापील निविदा-शर्तींतून येतो. महाराष्ट्र सार्वजनिक बांधकाम विभागाच्या बी-१ या छापील करार-नमुन्यातील १५ वे कलम कंत्राटदाराची कसूर नसताना काम पूर्णतः वा अंशतः न करण्याची सूचना देण्याचा अधिकार अभियंत्याला देते आणि त्या कामातून मिळू शकला असता असा नफा मागण्यास मज्जाव करते. कसुरीची कारवाई वेगळ्या, तिसऱ्या कलमाखाली होते. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या शर्तींत १३ वे कलम याच जातीचे आहे. अशी शर्त नसलेल्या किंवा लागू न पडणाऱ्या प्रसंगी भारतीय करार कायद्याच्या (करारभंगाच्या भरपाईविषयीच्या) ७३ व्या कलमाखाली नफा मिळू शकतो, ए. टी. ब्रिजपाल सिंग खटल्यात (१९८४) उरलेल्या कामावर १५ टक्के नफा मान्य झाला. उलट, ३० दिवसांच्या सूचनेने संपवता येणाऱ्या करारात भरपाईही तेवढ्याच ३० दिवसांची, असे अमृतसर गॅस खटल्यात (१९९१) ठरले. शासन हे राज्यसंस्था असल्याने संविधानाच्या १४ व्या (समानतेच्या) अनुच्छेदाखाली मनमानीचा आक्षेप घेण्याची वाट येथे अधिक खुली आहे. कोलकात्यातील दोन भुयारी मार्गांच्या देखभालीची निविदा रद्द करण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये याच आधारावर फिरवला.