डासजन्य रोगांचा पूर्वइशारा : पुणे–मुंबईतील लोकमत

पाऊस, तापमान, आर्द्रता आणि डासांच्या अळ्यांची पाहणी यांवरून साथ येण्याआधीच नागरिकांना व आरोग्ययंत्रणेला दिलेली सूचना म्हणजे पूर्वइशारा. डेंग्यू, मलेरिया, चिकुनगुन्या आणि झिका या रोगांबाबत तो महत्त्वाचा असतो.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील सोफिया याकोब व रॉक्सी मॅथ्यू कोल यांचा याविषयीचा अभ्यास 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. 27 अंश सेल्सिअसहून अधिक तापमान, 60 ते 78 टक्के आर्द्रता आणि पावसाळाभर विभागून पडणारा बेताचा पाऊस पुण्यात डेंग्यूला पोषक ठरतो, असे त्यात आढळले. आठवड्यात 150 मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, की अंडी-अळ्या वाहून जातात. हवामानाच्या अशा नोंदींवरून साथीचा अंदाज दोन महिन्यांहून आधी बांधता येतो. सर्वसामान्य समजूत मात्र नेमकी उलटी आहे : मुसळधार पावसात रोगराईची धास्ती वाटते, रिमझिमीत कोणी मनावर घेत नाही.

डास म्हणजे कचरा-गटार, हे समीकरणही पक्के आहे. डेंग्यूचा एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, त्यामुळे फ्रिजमागच्या ट्रेमध्ये, मनीप्लांटच्या बाटलीत किंवा कुंडीखालच्या ताटलीत अळ्या सापडतात. पाहणीला आलेल्या कर्मचाऱ्याने त्या दाखवल्या की 'आमच्याकडे अस्वच्छता नसते' हे उत्तर ठरलेले. त्यावर पालिकेची नोटीस आणि दंड आला, म्हणजे इशारा हा आरोपच वाटू लागतो.

लोक आणि आरोग्ययंत्रणा यांच्यातला हा ताण जुना आहे. 1911 मध्ये मुंबईतील मलेरियाची पाहणी करणारे डॉ. बेंटली यांनी तिथल्या मलेरियाचा संबंध विहिरींतील डासांशी जोडला. विहिरी बुजवण्याच्या किंवा झाकण्याच्या मोहिमेला पारशी आणि हिंदू मालकांनी धार्मिक कारणांनी विरोध केला.

आठवड्यातून एकदा 'कोरडा दिवस' पाळा, भांडी रिकामी करून घासा, हा आरोग्य विभागाचा सल्ला शास्त्राला धरून आहे. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. पण जिथे नळाला एकाआड एक दिवस पाणी येते किंवा टँकरची वाट पाहावी लागते, तिथे भरलेले पिंप ओतून देणे कोणाला परवडेल? अशा घरांतल्या दुर्लक्षाला बेफिकिरी म्हणणे अन्यायाचे आहे. इशारा पोहोचतो, पण पाणी ओतायला मन धजत नाही.

लोकांचा खरा भरवसा धूरफवारणीवर. धूर दिसतो, वास येतो, काहीतरी झाले असे वाटते. प्रत्यक्षात त्याने उडते डास तात्पुरते मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. तरीही सोसायटीत एखादा रुग्ण निघाला की वॉर्ड ऑफिसकडे पहिली मागणी धुराच्या गाडीचीच होते. त्याआधी महिनाभर जिन्यात लावलेले सूचनापत्रक बहुतेकांनी वाचलेलेही नसते.