खनिज तेल व नैसर्गिक वायू : परस्परसंबंध

खनिज तेल (कच्चे तेल) आणि नैसर्गिक वायू ही हायड्रोकार्बनांच्या एकाच मालिकेची द्रव व वायुरूपे होत. एक कार्बनचा मिथेन सर्वांत हलका. पुढे एथेन, प्रोपेन, ब्युटेन आणि पेंटेनपासून सामान्य तापमानाला द्रव राहणारे घटक. ही विभागणी जमिनीवरची आहे. खोलवरच्या दाबाखाली व तापमानात ती पुसट होते.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागाच्या बोलीत तर ती आणखी पुसट. वरातीत डोक्यावरून मिरवणारी ‘गॅसबत्ती’ प्रत्यक्षात घासलेटवर चाले. पंप मारून दाब दिला की तापल्या नळीत घासलेटची वाफ होऊन ती मेंटलमध्ये (प्रकाश देणाऱ्या जाळीत) जळे. उलट स्वयंपाकघरातला ‘गॅस’ टाकीत बहुतांशी द्रवच असतो. टाकी हलवली की तो आत डुचमळतो. हा प्रोपेन-ब्युटेनचा द्रवरूप वायू तेलशुद्धीकरणातून मिळतो, तसाच नैसर्गिक वायूतूनही वेगळा काढतात. त्यामुळे तो नेमका कोणाचा, हा प्रश्नच गैरलागू ठरतो.

उत्पत्ती : प्रचलित मत जैव उगमाचे आहे. समुद्रतळाच्या किंवा सरोवरांच्या गाळात पुरलेल्या शैवाल व सूक्ष्मजीवांपासून केरोजेन हा घन पदार्थ बनतो. तो साधारण 60 ते 120 अंश सेल्सिअसला ‘शिजला’ की मुख्यतः तेल सुटते. तापमान याहून बरेच चढले की तेलाचे रेणूही तुटून वायू उरतो. मर्यादांचे आकडे ग्रंथागणिक थोडे बदलतात, कारण तापमानाइतकाच काळही महत्त्वाचा. वनस्पतिज केरोजेन मात्र तेलाची पायरी जवळजवळ गाळून थेट वायूच देते.

अजैव उगमाचा पक्षही जुना आहे. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलेव्ह यांनी 1877 च्या सुमारास खोलवरच्या लोहकार्बाइडांवर (लोह व कार्बन यांच्या संयुगांवर) पाण्याची क्रिया होऊन तेल बनत असावे, असे मांडले. 1951 पासून भूशास्त्रज्ञ कुद्र्यावत्सेव व त्यांच्या सोव्हिएत अनुयायांनी आणि पुढे खगोलशास्त्रज्ञ टॉमस गोल्ड यांनी हा विचार वेगळ्या रूपात पुढे नेला. गोल्ड यांच्या आग्रहाने स्वीडनमधील सिल्यान येथे ग्रॅनाइटात सहा किलोमीटरांहून खोल विहीर खोदली गेली. व्यापारी साठा लागला नाही, आणि जे थोडे तेल वर आले ते खोदकामात वापरलेल्या डिझेलचे असावे, अशी शंका राहिली. याउलट जर्मन रसायनशास्त्रज्ञ ट्रीब्स यांना 1934 मध्ये तेलात हरितद्रव्याशी नाते सांगणारी पॉर्फिरिने सापडली होती. हा पुरावा अजून कोणी समाधानकारकपणे खोडलेला नाही. मिथेनपुरती सावधगिरी हवी : काही सागरतळीच्या उष्ण झऱ्यांजवळ अजैव मिथेन आढळतो. तसेच गोठ्यामागच्या गोबरगॅसप्रमाणे जिवाणूंनी बनवलेल्या मिथेनचेही साठे असतात. त्यांचा तेलाशी संबंध नसतो.

सहवास : साठ्यात वायू तेलात विरघळलेला असतो, किंवा तेलावर ‘टोपी’ धरून बसतो. गोटीसोड्याची गोटी आत ढकलताच जे घडते तेच विहिरीत : दाब उतरला की वायू सुटतो आणि तेलाला वर लोटतो. म्हणून वायू आधी काढून घेतल्यास बरेच तेल खडकात अडकून पडते. मुंबई हायचा (शोध 1974, उत्पादन 1976) बराचसा वायू असा सहचारी आहे. तो नेण्याची पुरेशी सोय होईतो काही भाग समुद्रातच जाळला जाई. शेजारच्या वसई या सागरी क्षेत्रात मुख्यतः मुक्त, म्हणजे तेलात न विरघळलेला, वायू मिळतो.

बेळगाव परिसर : येथे दख्खनचा काळा पाषाण, त्याखाली व पूर्वेस कलादगी गटाचे वालुकाश्म, क्वॉर्ट्झाइट व चुनखडक आहेत. गोकाकचा धबधबा यांच्याच कड्यावरून कोसळतो. हे खडक बहुधा अब्ज वर्षांहून जुने, म्हणजे तेलाला अनुकूल मानल्या जाणाऱ्या बहुतेक गाळांच्या कितीतरी आधीचे. भीमा-कलादगी हे नाव देशाच्या 26 गाळखोऱ्यांच्या (गाळाचे खडक साचलेल्या खोलगट भागांच्या) यादीत आहे, पण तेथे तेल-वायूचे उत्पादन नाही.

वायू येथे बाहेरून येतो. दाभोळ-बेंगळुरू वाहिनी (2013) बेळगावावरून जाते. दाभोळला उणे 162 अंशांपर्यंत थंड करून द्रव केलेला आयात वायू उतरतो. अशा वायूचे दीर्घ मुदतीचे करार बहुधा कच्च्या तेलाच्या भावाशी बांधलेले असतात. देशी वायूचेही तसेच : एप्रिल 2023 पासून जुन्या क्षेत्रांतील वायूची किंमत भारतीय कच्च्या तेलाच्या सरासरी भावाच्या 10 टक्के धरली जाते. त्या वेळी दर दशलक्ष बीटीयूला (बीटीयू हे उष्णतेचे एकक) किमान 4 व कमाल 6.5 डॉलर अशी मर्यादा घातली गेली.

टाकीवरची शेगडी पाइपच्या गॅसवर घेताना जेट (वायू सोडणारी तोटी) बदलून मोठ्या छिद्राचे बसवतात, कारण तेवढ्याच आकारमानाच्या मिथेनमध्ये उष्णता निम्म्याहून कमी असते. गळतीची तऱ्हाही वेगळी. टाकीचा गॅस हवेहून जड असल्याने ओट्याखाली साचतो, पाइपचा छताकडे चढतो. उग्र वास दोन्हींत मुद्दाम मिसळलेला असतो.